कोड एडिटरचे रंग आपल्या डोळ्यांना बसतील असे कसे लावायचे

रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्या पाच-सहा जणांसोबत बसते. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एका मुलीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "ताई, चालतच नाहीये. आणि बाराव्या ओळीपासून खाली सगळं नारिंगी झालंय." पायथनमध्ये माहितीचा मजकूर तीन डबल कोट देऊन सुरू करतात आणि तीनच देऊन संपवतात. तिने शेवटी दोन दिले होते. त्यामुळे एडिटरच्या लेखी तिथून फाइलच्या शेवटापर्यंत सगळा मजकूरच होता, कोड उरलाच नव्हता. एरर वाचायच्या आधी रंगाने चुकीची जागा दाखवून दिली होती. शेजारच्या मुलाने मात्र अशी थीम, म्हणजे एडिटरची रंगसंगती, लावली होती की तिच्यात मजकूर आणि साधा कोड दोन्ही जवळपास एकाच राखाडी रंगात दिसत. तीच चूक त्याच्या पडद्यावर लपून राहिली असती.

म्हणून थीम निवडायला वेळ देणं मला फुकट वाटत नाही. थीम देखणी असावी, पण त्याआधी ती तुमच्या डोळ्यांना नेमकी वस्तू पटकन शोधून देणारी हवी. पुढची माहिती व्हीएस कोड या मोफत एडिटरची आहे, कारण नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांकडे मला तोच दिसतो. बटणं विंडोज आणि लिनक्सची सांगते आहे. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड दाबा.

रंग नेमके कोण देतं

इथे दोन वेगळी कामं होतात. आधी एक व्याकरण तुमचा कोड ओळीओळीने वाचतं आणि प्रत्येक तुकड्याला नाव देतं: ही कॉमेंट (माणसांसाठी लिहिलेली टीप, संगणक ती चालवत नाही), हा मजकूर, हा आकडा, हे फंक्शनचं नाव. या नावांना स्कोप म्हणतात. ही पद्धत २००४ साली मॅकवर आलेल्या टेक्स्टमेट या एडिटरपासून चालत आली आहे. मग थीम येते. ती फक्त एक यादी असते: अमुक स्कोपला तमुक रंग. थीमला पायथन कळत नाही की जावास्क्रिप्ट, तिला फक्त नावं कळतात.

हे एकदा डोक्यात बसलं की पुष्कळ कोडी सुटतात. व्हीएस कोडसोबतच येणाऱ्या डार्क प्लस थीममध्ये पायथनचा 'डेफ' निळा दिसतो आणि 'रिटर्न' गुलाबीसर जांभळा. दोन्ही भाषेचेच राखीव शब्द, मग रंग वेगळे का, असं दर वेळी कोणीतरी विचारतंच. व्याकरणाच्या लेखी 'रिटर्न' हा प्रवाह वळवणारा कीवर्ड आहे, तर 'डेफ' 'स्टोरेज' नावाच्या वेगळ्या गटात मोडतो. थीमने त्या दोन गटांना दोन रंग दिले, एवढंच.

पहिली थीम लावताना

कंट्रोल धरून के दाबा, मग कंट्रोल धरूनच टी दाबा. थीमची यादी उघडेल. आता माउस बाजूला ठेवा आणि खाली-वर बाणाच्या बटणांनी यादीतून फिरा. मागे उघडी असलेली फाइल त्या-त्या थीममध्ये लगेच रंगते. पसंत पडली की एंटर, नाही पडली तर एस्केप, म्हणजे जुनी थीम परत येते. यादीतूनच आणखी थीम शोधायचा पर्यायही मिळतो. बाहेरची थीम घेताना ती कोणी प्रसिद्ध केली आहे ते बघा. साधी थीम म्हणजे रंगांची फाइल असते, तिला तुमच्या संगणकावर काही चालवायची गरज नसते.

पण हे सगळं रिकाम्या फाइलवर करू नका. माझा आग्रह आहे की आधी स्वतःचीच एखादी पन्नास-साठ ओळींची फाइल उघडावी. तिच्यात कॉमेंट असाव्यात, मजकूर, आकडे, दोन-तीन फंक्शनं आणि एकात एक गुंतलेले कंस असावेत. थीमच्या जाहिरातीतलं चित्र नेहमी सुंदर दिसतं, कारण ते निवडून घेतलेलं असतं.

प्रत्येक थीम लावल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारा. मजकूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते एका नजरेत कळतं का? कॉमेंट डोळे बारीक न करता वाचता येतात का? कर्सर ज्या ओळीवर आहे ती ओळ आणि निवडलेला भाग वेगळा दिसतो का? तिसरा प्रश्न सगळे विसरतात. निवडलेल्या भागाची पार्श्वभूमी फिकी असली की कॉपी-पेस्ट करताना अर्धी ओळ राहून जाते आणि मग चूक शोधण्यात संध्याकाळ जाते.

आणि रंग बरे वाटावेत म्हणून भारंभार रंगांच्या मागे लागू नका. अप्पा बळवंत चौकातून चार रंगांचे हायलायटर आणून पुस्तकाची प्रत्येक ओळ रंगवली, तर परीक्षेच्या आदल्या रात्री त्यातलं महत्त्वाचं काहीच सापडत नाही. कोडचंही तसंच आहे. मजकूर, कॉमेंट, राखीव शब्द आणि फंक्शनची नावं हे चार गट स्पष्ट वेगळे दिसले की सुरुवातीला पुरे.

उजेड बघून ठरवा

डार्क चांगली की लाइट, या वादात न पडता तुमची खोली बघा. कोथरूडमध्ये माझ्या टेबलाशेजारी पश्चिमेची खिडकी आहे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारनंतर गडद थीमच्या पडद्यावर मला कोडऐवजी स्वतःचा चेहरा आणि मागची भिंत दिसते. तेव्हा पांढरी थीमच लागते. जुलैत आभाळ भरलेलं असताना त्याच टेबलावर पांढरा पडदा डोळ्यांवर येतो. अशा वेळी थीम बदलण्याआधी पडद्याचा ब्राइटनेस खोलीच्या उजेडाइतका खाली आणा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर असेल तर गडद पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं अनेकांना कडेला पसरल्यासारखी दिसतात. असं होत असेल तर आठवडाभर पांढरी थीम वापरून बघा. वर्गात प्रोजेक्टरवर कोड दाखवायचा असेल तेव्हाही पांढरीच लावा. उजेड असलेल्या खोलीत प्रोजेक्टर काळा रंग दाखवूच शकत नाही, त्यामुळे गडद थीम भिंतीवर मळकट राखाडी होते आणि मागच्या बाकावर बसलेल्यांना काही वाचता येत नाही.

दिवसा एक आणि रात्री एक अशा दोन थीम हव्या असतील तर हाताने बदलत बसू नका. कंट्रोल आणि कॉमा दाबून सेटिंग्ज उघडा आणि वर 'ऑटो डिटेक्ट कलर स्कीम' शोधा. ही खूण केली की संगणक लाइट किंवा डार्कमध्ये जाईल तसा एडिटरही जातो. दिवसाची आणि रात्रीची थीम कुठली हे त्याच्याच आसपासच्या दोन पर्यायांत सांगायचं.

कॉमेंट फिकट ठेवू नका

या एका मुद्द्यावर मी हटून बसते. पुष्कळ थीम कॉमेंट जवळपास पार्श्वभूमीत विरघळवून टाकतात. वर्षानुवर्षं तोच कोड लिहिणाऱ्या माणसाला ते चालत असेल, त्याला कॉमेंट वाचायची गरज क्वचित पडते. नव्याने शिकणारा मात्र कॉमेंटच्या आधारानेच पुढे सरकतो. त्याच्यासाठी कोडमधली सगळ्यात मोलाची ओळ तीच असते.

फिकट म्हणजे किती, हे मोजता येतं. वेबवरच्या मजकुराच्या सुलभतेसाठी डब्ल्यूसीएजी नावाचे निकष आहेत. साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी उजेडाचा फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, किमान ४.५ ला १ असावा असं त्यांत सांगितलं आहे, आणि वरच्या पातळीसाठी ७ ला १. काळ्यावर पांढरं असेल तर तो २१ ला १ होतो. आता व्हीएस कोडसोबत येणारी सोलराइज्ड डार्क बघा. एथन स्कूनओव्हर यांनी २०११ साली सोलराइज्ड प्रसिद्ध केली. सोळा रंगांची, फार विचारपूर्वक बांधलेली ही रंगसंगती मला आवडते. पण तिच्या गडद रूपात कॉमेंटचा कॉन्ट्रास्ट साधारण २.८ ला १ इतकाच भरतो. डार्क प्लसमधल्या हिरव्या कॉमेंट ५ च्या आसपास आहेत, त्या वाचता येतात.

सोलराइज्ड आवडत असेल तर ती सोडायची गरज नाही, फक्त कॉमेंटचा रंग बदला. कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकत्र दाबलं की कमांड पॅलेट उघडते. तिथे 'ओपन युजर सेटिंग्ज जेसन' शोधा. उघडलेल्या फाइलमध्ये सगळ्यात बाहेरच्या महिरपी कंसांच्या आत खालचा भाग घालायचा आहे. इथे उच्चाराप्रमाणे देते आहे. तुम्ही तो इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायचा. नावाची सुरुवात केली की एडिटर पूर्ण नाव सुचवतो, ते सुचवलेलंच घ्या.

"एडिटर.टोकनकलरकस्टमायझेशन्स": {
  "[सोलराइज्ड डार्क]": {
    "कॉमेंट्स": {
      "फोरग्राउंड": "#९३ए१ए१",
      "फॉन्टस्टाइल": ""
    }
  }
}

चौकोनी कंसात थीमचं नाव दिलं की बदल त्या एकाच थीमपुरता राहतो, दुसरी थीम लावली तर ती बिघडत नाही. हॅशनंतरची सहा अक्षरं म्हणजे रंग: पहिली दोन लाल किती, मधली दोन हिरवा किती, शेवटची दोन निळा किती. मी दिलेला रंग सोलराइज्डच्याच सोळा रंगांतला आहे, म्हणून तो परका वाटत नाही, आणि कॉन्ट्रास्ट ५.६ ला १ वर जातो. रंग बदलताना शक्यतो त्याच थीमच्या इतर रंगांतून निवडा. बाहेरून आणलेला एखादाच भडक रंग दिवसभर डोळ्यांत खुपत राहतो.

फाइल सेव्ह करा. एडिटर बंद करून उघडायची गरज नाही, रंग तिथल्या तिथे बदलतो. बदलला नाही तर नव्वद टक्के वेळा आधीच्या ओळीच्या शेवटचा कॉमा राहिलेला असतो.

मराठीत कॉमेंट लिहिणाऱ्यांसाठी

वरच्या तुकड्यात फॉन्टस्टाइलपुढे रिकामे कोट आहेत, ते मुद्दाम. अनेक थीम कॉमेंट तिरप्या अक्षरांत दाखवतात. इंग्रजी फॉन्टांत तिरपी अक्षरं वेगळी घडवलेली असतात. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत ती नसतातच, मग संगणक उभी अक्षरं नुसती वाकवतो. शिरोरेषा तुटक दिसते, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढतात. रिकामे कोट दिले की कॉमेंट सरळ उभ्या राहतात.

मी विद्यार्थ्यांना पहिले दोन महिने कॉमेंट मराठीतच लिहायला सांगते. 'यादीतलं काम पुसायचं' आणि 'यादीतली कामं पुसायची' या दोन वेगळ्या सूचना आहेत, आणि 'कामं'मधला फरक शिरोरेषेवरच्या एका टिंबाचा आहे. बारा आकाराच्या अक्षरांत, फिकट राखाडी रंगात, ते टिंब पहिलं नाहीसं होतं. म्हणून मराठी कॉमेंट असतील तर कॉन्ट्रास्ट ७ च्या जवळ न्या. डार्क प्लसवर '८ईबी५७०' हा पोपटीकडे झुकणारा हिरवा नेमका ७ च्या थोडा वर जातो. सोबत सेटिंग्जमध्ये 'लाइन हाइट' शोधून १.६ करा, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडत नाहीत. 'फॉन्ट फॅमिली'त तुमच्या नेहमीच्या फॉन्टनंतर कॉमा देऊन नोटो सान्स देवनागरीचं नाव घाला. तो फॉन्ट आधी संगणकावर बसवलेला हवा.

मराठी मजकुरात एखाद्या अक्षराभोवती पिवळसर चौकट दिसली तर थीमला दोष देऊ नका. इंग्रजी अक्षरासारखी दिसणारी किंवा डोळ्यांना न दिसणारी अक्षरं एडिटर दाखवून देतो, ती ही चौकट. सेटिंग्जमध्ये 'युनिकोड हायलाइट' शोधलं की तिचे पर्याय मिळतात.

एकाच शब्दाचा रंग बदलायचा असेल तर

कॉमेंट्स, स्ट्रिंग्ज (म्हणजे मजकूर), कीवर्ड्स, नंबर्स, टाइप्स, फंक्शन्स, व्हेरिएबल्स या सात गटांना वरच्यासारखं सरळ नावाने बोलावता येतं. त्याहून बारीक काम असेल तर आधी स्कोप शोधावा लागतो.

कर्सर त्या शब्दावर ठेवा. कमांड पॅलेटमध्ये 'इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स' ही कमांड शोधून एंटर दाबा. शब्दाशेजारी एक चौकट उघडेल. तिच्यात शब्दाचा रंग, पार्श्वभूमीचा रंग, दोघांमधला कॉन्ट्रास्ट, स्कोपची उतरंड आणि थीमच्या कुठल्या नियमाने हा रंग दिला तेही लिहिलेलं असतं. माझ्या मते थीमशी खेळणाऱ्याने शिकायची ही सगळ्यात उपयोगी कमांड आहे. कॉन्ट्रास्ट मोजायला वेगळं साधनही लागत नाही.

समजा तुम्हाला फक्त 'रिटर्न' उठून दिसायला हवा. फंक्शन कुठून काय परत देतं याचा माग काढायला शिकताना मी हे अनेकांना करून दिलं आहे. 'रिटर्न'वर चौकट उघडली की उतरंडीत सगळ्यात वर 'कीवर्ड.कंट्रोल.फ्लो.पायथन' दिसतं. ते कॉपी करा. मग टोकनकलरकस्टमायझेशन्सच्या आत 'टेक्स्टमेटरूल्स' नावाची यादी सुरू करा, तिच्यात 'स्कोप'पुढे हे नाव पेस्ट करा आणि 'सेटिंग्ज'पुढे हवा तो फोरग्राउंड, म्हणजे अक्षरांचा रंग, द्या. 'इफ' आणि 'फॉर'ही याच स्कोपमध्ये येतात, त्यामुळे तेही बदलतील. स्कोपचं नाव शेवटून जितकं तोडाल तितका नियम मोठ्या गटाला लागतो. 'पायथन' काढून टाकलं तर तोच नियम इतर भाषांनाही लागू होतो.

एवढं करूनही रंग बदलला नाही, तर चौकट पुन्हा उघडून तिच्यात 'सिमँटिक टोकन टाइप' अशी ओळ आहे का बघा. व्याकरण एकेक ओळ वाचून अंदाज बांधतं. भाषेचा सर्व्हर, म्हणजे एडिटरच्या मागे चालणारा त्या भाषेचा मदतनीस प्रोग्रॅम, मात्र सगळा कोड समजून घेतो, आणि थीमने परवानगी दिली असेल तर त्याचा रंग व्याकरणाच्या रंगावर चढतो. अशा शब्दांसाठी 'सिमँटिक टोकन कलर कस्टमायझेशन्स' हे वेगळं सेटिंग आहे. कंसांचंही स्वतंत्र खातं आहे: जोडीजोडीने रंगणारे कंस 'एडिटर ब्रॅकेट हायलाइट' या नावांच्या सहा रंगांवर चालतात आणि ते 'वर्कबेंच कलर कस्टमायझेशन्स'मध्ये लिहायचे असतात. टेक्स्टमेटच्या नियमांनी ते हलत नाहीत.

लाल-हिरवा वेगळा दिसत नसेल तर

काही जणांना, त्यातही पुरुषांना जास्त, लाल आणि हिरवा जन्मापासूनच सारखे दिसतात. कित्येकांना ते कधी कळलेलंही नसतं. गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात जुना आणि नवा कोड शेजारी शेजारी दाखवताना काढलेला भाग लाल आणि घातलेला हिरवा असतो, तिथे हे लक्षात येतं. आमच्या अभ्यासिकेतला एक जण कुठली ओळ गेली आणि कुठली आली हे फक्त अधिक-उणे चिन्हं बघून ओळखत होता. आम्ही 'वर्कबेंच कलर कस्टमायझेशन्स'मध्ये 'डिफएडिटर.इन्सर्टेडटेक्स्टबॅकग्राउंड' निळा केला आणि 'डिफएडिटर.रिमूव्हडटेक्स्टबॅकग्राउंड' नारिंगी. हे रंग देताना सहा अक्षरांनंतर आणखी दोन जोडा, उदाहरणार्थ ४०. ती दोन अक्षरं पारदर्शकता ठरवतात. ती दिली नाहीत तर रंग पूर्ण भरीव बसतो आणि खालची निवड किंवा इतर खुणा झाकून टाकतो.

थोडं टर्मिनल आणि प्रोजेक्टविषयी

टर्मिनलचे, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीचे, सोळा रंगही थीमच देते. तिथल्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट ४.५ च्या खाली जाऊ नये याची काळजी एडिटर स्वतः घेतो, 'मिनिमम कॉन्ट्रास्ट रेशो' नावाचं सेटिंग आहे. रंग थीमप्रमाणे हुबेहूब हवे असतील तर तिथे १ लिहा. मी लिहीत नाही.

दोन प्रोजेक्ट एकाच वेळी उघडत असाल तर एकाच्या वर्कस्पेस सेटिंग्जमध्ये 'स्टेटसबार.बॅकग्राउंड' वेगळा करा, म्हणजे कुठल्या खिडकीत टाइप करतो आहोत हे खालच्या पट्टीवरून कळतं. पण वर्कस्पेसची सेटिंग्ज प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच साठतात. ती गिटमध्ये गेली तर तुमचे रंग टीममधल्या सगळ्यांच्या पडद्यावर उमटतील. कमिट करण्याआधी, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवण्याआधी, ती फाइल बाजूला काढा.

रंगांची घडी मनासारखी बसली की अकाउंटने लॉगिन करून 'सेटिंग्ज सिंक' चालू करा, घरच्या आणि ऑफिसच्या संगणकावर तेच रंग येतील. कॉलेजच्या लॅबमध्ये लॉगिन करायचं नसेल तर जेसन फाइलमधला तुमचा तुकडा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवून पेन ड्राइव्हवर न्या आणि जाताना लॅबच्या संगणकावरून तो काढून टाका, कारण त्या खुर्चीवर पुढच्या तासाला दुसरं कोणी बसणार असतं.